पट्टा पडल्याची तारीख

१

चोरी झाली हे सगळ्यांचं ठरलं होतं, चोरही ठरला होता, फक्त चोरीचा पैसा कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. अशा प्रकरणात लोक मला बोलावतात, आणि नाही बोलावलं तरी मी जाते.

मी चंदनबाला मगदूम. सांगलीजवळच्या एका सूतगिरणीत फंडाच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. फंड म्हणजे कामगाराच्या पगारातून दरमहा कापून म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेला पैसा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी गल्लीतले लोक अजून कागदांच्या पिशव्या घेऊन येतात आणि मला अक्का म्हणतात. कागद खोटं बोलत नाही असं म्हणणाऱ्यांना मी जवळ करत नाही. कागद चिक्कार खोटं बोलतो, पण माणसासारखं त्याला ते लपवता येत नाही.

शुक्रवारी सकाळी सबीना आली. खांद्याला कपड्यांची मोठी पिशवी होती.

"अक्का, मी उद्या फलटणला चाललेय. अब्बांनी बोलावून घेतलंय. परत पाठवणार नाही म्हणतात."

सबीनाचा नवरा नईम. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, दुकानामागेच घर. माझा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला तोच काढतो आणि पैसे घ्यायला लाजतो. सबीनाचे वडील इलाही मुजावर फलटणजवळच्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे मोठ्या भांड्यात उसाचा रस उकळून त्यात साखरेचा दाणा कधी धरला हे नजरेनं ओळखणारा तो पॅनमन. कारखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

इलाहीभाई जूनमध्ये निवृत्त झाले. नईमनं त्यांचा फंडाचा फॉर्म भरला तेव्हा खात्यात फक्त शेवटच्या चार वर्षांचे पैसे निघाले. त्याआधीच्या अठरा वर्षांचे गायब. आठवडाभरात आयकर खात्याची नोटीस आली, की चार वर्षांपूर्वी तुम्ही फंडातून अकरा लाख बासष्ट हजार उचलले आणि कुठे दाखवले नाहीत, खुलासा करा. चार वर्षांपूर्वी इलाहीभाईंच्या खात्याला मोबाइल नंबर जोडला होता तो नईमचा. त्याच वर्षी नईमनं दुकानात झेरॉक्सची दोन नवी मशीन आणली होती. सासऱ्यानं हिशेब जुळवला. सोमवारी ते पोलीस ठाण्यात जाऊन जावयाविरुद्ध तक्रार देणार होते.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"नवरा शपथ घेतो, बाप शपथ घेतो. मी कुणाची खोटी धरू?" एवढं बोलून ती रडायला लागली. मला तिची फार दया आली आणि दोन्ही पुरुषांचा थोडा राग आला.

मी तिला घेऊन दुकानात गेले. नईमनं दाढी केलेली नव्हती.

"अक्का, ओटीपी माझ्या नंबरवर यायचा, खरं आहे. मशीनं कर्जावर घेतली, हप्त्याचं कार्ड दाखवतो."

"नको दाखवूस. कार्ड दाखवून मशीनचा खुलासा होईल, अकरा लाखांचा होणार नाही. इलाहीभाईंचे कागद काढ."

त्यानं फाईल पुढे केली. तीन कागद कामाचे होते. एक आयकराची नोटीस. दुसरा सरकारी फंडाचं पासबुक. तिसरी कारखान्याच्या फंड ट्रस्टची चिठ्ठी. पूर्वी त्या कारखान्याचा फंड त्यांचा स्वतःचा ट्रस्ट सांभाळायचा. चार वर्षांपूर्वी ट्रस्ट बंद झाला आणि सगळ्यांचे पैसे सरकारी खात्यात हलवायचे ठरले. त्या वेळी प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळाली. इलाहीभाईंच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, नोकरी सोडल्याची तारीख २१ मार्च, रक्कम अदा, बाकी शून्य.

"सोडल्याची तारीख ऑनलाइनसुद्धा टाकता येते," नईम स्वतःच म्हणाला. "अब्बा म्हणतात मीच टाकली आणि पैसे काढले."

मी नोटीस पुन्हा वाचली. अठरा वर्षांची नोकरी तिथे पाच वर्षांहून कमी दाखवली होती. पाच वर्षांहून कमी नोकरीवर एवढी रक्कम कुणाला द्यायची तर दहा टक्के कर आधी कापावा लागतो. त्या रकान्यात शून्य होतं. गिरणीत असताना मी हा कर कापायला विसरलेला कारकून पाहिलेला नाही, कारण विसरला तर तो त्याच्या खिशातून जातो.

"उद्या सहाच्या गाडीनं मीपण येते," मी सबीनाला म्हटलं. "आणि त्या कारखान्यातला आणखी कुणी तुझ्या ओळखीचा आहे का, वाटेत?"

२

दहिवडीत उतरलो तेव्हा दहा वाजत आले होते. सबीनाच्या ओळखीचा मल्हार गावाबाहेर राहतो. वय पन्नास, कारखान्यात बॉयलरवर काम, हंगाम संपला की घरी येऊन शेळ्या राखायच्या. आम्ही गेलो तेव्हा तो एका शेळीचा खूर साफ करत होता.

"सबीना का गं तू? लय मोठी झालीस. बाप बरा हाय न्हवं?"

मी मधे पडले. "मल्हारदादा, तुम्हाला कारखान्याची फंडाची चिठ्ठी आली होती का?"

"आलीती की. कुटं ठिवली बगाय लागंल."

चिठ्ठी शेळ्यांच्या विम्याच्या कागदांत निघाली. तिच्यामागे एक न उघडलेलं पाकीट होतं, आयकर खात्याचं.

"हे उघडलं नाही तुम्ही?"

"आवं, म्या इनकम टॅक्सवाला कवा झालो? कुणाचं तरी चुकून आलंय म्हनून ठिवलं. पोस्टमन परत न्हाई म्हनला घ्याला."

मी उघडलं. चार वर्षांपूर्वी आठ लाख नव्वद हजार उचलले, खुलासा करा. कापलेला कर शून्य. मग चिठ्ठी पाहिली. रक्कम अदा, बाकी शून्य, नोकरी सोडल्याची तारीख २१ मार्च.

"मल्हारदादा, तुमचा फॉर्म नईमनं भरला होता?"

"कोन नईम?"

सबीनानं माझा दंड घट्ट धरला. त्या पोरीच्या तोंडावर आठवड्यात पहिल्यांदा रंग आला असेल.

"म्हणजे नईम सुटला, अक्का?"

"तुझ्यासाठी सुटला. तुझ्या बापासाठी अजून नाही. बाप म्हणेल दोन चोर असतील." मी मल्हारकडे वळले. "तुम्ही नोकरी सोडलीये?"

"सोडली? ऑक्टोबरात बॉयलर पेटतोय, तवा जायाचंच हाय की."

नोकरी न सोडलेली दोन माणसं कागदावर एकाच दिवशी नोकरी सोडून गेली होती. आता मला तो दिवस हवा होता. फलटणची गाडी साडेअकराला होती.

३

इलाहीभाईंचं घर स्वच्छ आणि गप्प होतं. त्यांची बायको शकिला दारात आली, मुलीच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि आत घेऊन गेली. ती पिशवी आत गेलेली मला अजिबात आवडली नाही.

इलाहीभाई उंच, ताठ, पांढऱ्या टोपीतले. मला त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"आवं बाई, तुमी जावयाची बाजू घिऊन आलाय, मला ठावं हाय. बावीस वर्सं म्या काचंवर रस घिऊन दाना वळाकला. मानूस वळाकताना चुकलो. लेक दिली त्या घरात."

"मी बाजू घेऊन आलेले नाही, तारीख घेऊन आलेय," मी म्हटलं. "चार वर्षांपूर्वीच्या एकवीस मार्चला तुम्ही कुठे होतात?"

"त्ये कसं सांगू? पर लिवलेलं असंल."

ते आत गेले आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. चांगला पॅनमन प्रत्येक पॅनची वेळ लिहून ठेवतो. यांनी कारखान्याच्या रजिस्टरशिवाय स्वतःचीही वही ठेवली होती, हंगामाला एक. एकवीस मार्चच्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, शेवटचा पॅन दुपारी चार वाजता उतरवला. पट्टा पडला.

सांगली-साताऱ्यात हे दोन शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत, तरी बाहेरच्यांसाठी सांगते. ऊस संपला, ऊस टाकतात त्या गव्हाणीचा पट्टा थांबला, हंगाम आटोपला, म्हणजे पट्टा पडला. मी बाकीच्या वह्या चाळल्या. दर वर्षी शेवटच्या पानावर तेच दोन शब्द, तारीख निराळी. कधी फेब्रुवारी, कधी एप्रिल.

मी वही मिटली आणि शकिलाकडे चहा मागितला.

"पट्टा पडल्यावर हे घरी काय करायचे?"

"घर रंगवायचं, भांडी घासलेली परत घासायचं," शकिला म्हणाली. "मला लय तरास व्हायचा. पर पगार निम्मा का हुईना यायचा म्हनून म्या गप ऱ्हायची."

"घरी बसून पगार?"

"रिटेन्शनचा भत्ता, बाई," इलाहीभाई जरा अभिमानानं म्हणाले. "आमी कायमचं हंगामी. पुढल्या हंगामाला आमी दुसरीकडं जाऊ ने म्हनून देत्यात."

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत आमचं सगळं ऐकत होती. सबीना म्हणाली, ती धोंडुबाई, कारखान्याच्या ऑफिसात झाडलोट करायची, मागच्या वर्षी निवृत्त झाली. मी ओट्यावर जाऊन बसले.

"तुमचे फंडाचे पैसे मिळाले, धोंडुबाई?"

"मिळालं की. जुनं, नवं, समदं. सूनबाईला गंठन केलं."

"चिठ्ठीवर सोडल्याची तारीख होती?"

"न्हाई बा. माझी कशाला आसंल? पट्टा पडू दे न्हाई तर बॉयलर पेटू दे, मला बारा म्हयनं झाडायचंच हाय."

मी तिला मनापासून नमस्कार केला. तिला तो का केला ते कळलं नाही. घड्याळात दीड वाजला होता, म्हणजे कारखान्याचं ऑफिस उघडं होतं.

"इलाहीभाई, चपला घाला. फंडाच्या टेबलावर कोण बसतं?"

"जयराज. पर त्येचा काय संबंध?"

४

रिक्षावाल्यानं वाटेतच एक नवा दुमजली बंगला दाखवला. "जयराजसायबांचा." मग माझ्याकडे वळून बघून म्हणाला, "लोक कायबी बोलत्यात." मी ऐकून घेतलं. मशीन आणणारा जावई आणि बंगला बांधणारा कारकून, दोघांवरचा पुरावा एकाच तोलाचा होता, म्हणजे काहीच नव्हता.

बंद हंगामातला कारखाना फार शांत असतो. जयराज पंचावन्नच्या घरातला, नीटनेटका, खिशाला दोन पेनं. इलाहीभाईंना पाहून तो उठला आणि मला पाहून परत बसला.

"ट्रस्टचं रेकॉर्ड सीलबंद आहे, मॅडम. चेअरमनची परवानगी लागेल."

"रेकॉर्ड राहू दे. मी गोष्ट सांगते, तुम्ही फक्त चुकलं तर थांबवा." मी खुर्ची ओढून बसले. "चार वर्षांपूर्वी ट्रस्ट बंद झाला. तुमच्याकडे दोन याद्या मागितल्या. नोकरीत असलेल्यांची एक, त्यांचे पैसे सरकारी खात्यात हलवायचे. सोडून गेलेल्यांची दुसरी, त्यांचे पैसे देऊन खातं बंद दाखवायचं. तुम्ही रजिस्टर उघडलंत. त्यात एक रकाना आहे, सोडल्याची तारीख. बारमाही माणसांसमोर तो कोरा. हंगामी माणसांसमोर दर वर्षी तारीख. पट्टा पडल्याची."

जयराजनं मला थांबवलं नाही.

"ही तारीख तिथे का लिहीत होतात तेही सांगते. दुसऱ्या दिवसापासून रिटेन्शनचा भत्ता मोजायला. तुमच्या आधीच्या कारकुनानंही तेच केलं असेल. ऑफिसात प्रत्येकाला त्याचा अर्थ माहीत होता म्हणून कधी अडलं नाही. तो रकाना ऑफिसाबाहेर गेला तेव्हा अडलं. हंगामी माणसं सगळी सोडून गेलेल्यांच्या यादीत उतरली, आणि आयकराकडे कळवलं गेलं की यांना पैसे दिले. तुमच्या हिशेबानं त्यांची नोकरी एका हंगामाची, म्हणजे दहा टक्के कर कापायला हवा होता. तो कुणी कापला नाही, कारण कुणी पैसे दिलेच नव्हते. नुसतं कळवलं होतं."

"हा तुमचा अंदाज झाला," जयराज म्हणाला. आवाज मात्र खाली गेला होता.

"मग रजिस्टर उघडा. बावीस मार्चपासून इलाहीभाईंना भत्ता दिलेला नसेल तर मी माफी मागून सांगलीला जाते. सोडून गेलेल्या माणसाला घरी बसवून पगार देणारा कारखाना मला तरी माहीत नाही."

रजिस्टर त्याच्या मागच्याच कपाटात होतं. सील वगैरे काही नव्हतं. २१ मार्च, सोडल्याची तारीख. त्याच ओळीत पुढे, २२ मार्चपासून रिटेन्शन चालू. खाली त्याच तारखेची बासष्ट नावं आणखी. इलाहीभाईंनी बोट ठेवून स्वतःचं नाव दोनदा वाचलं.

"मंग पैसं?" त्यांनी विचारलं. "पैसं कुनी खाल्लं?"

"कुणी नाही. ट्रस्टची सगळी रक्कम एकगठ्ठा सरकारी खात्यात गेली. पैसे पोचले, त्रेसष्ट नावं मागे राहिली. त्यामुळे ती रक्कम तिथे बिननावाची पडून असणार. आणि तशी पडली तर ते कार्यालय कारखान्याला पत्र लिहितं, तपशील पाठवा म्हणून. मीही अशा पत्रांना उत्तरं दिलीत. जयराजराव, किती पत्रं आली?"

त्यानं टेबलाचा खालचा खण उघडला. तीन पत्रं होती, नीट टाचलेली.

"पहिलं सहा महिन्यांनी आलं," तो म्हणाला. "तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. त्रेसष्ट माणसांची चूक, मॅडम. पोरीचं लग्न ठरलेलं. नोकरी गेली असती. म्हटलं बघू, कुणी निवृत्त झाला की एकेकाचं करून देऊ."

"इलाहीभाई निवृत्त झाले की."

"मागच्या आठवड्यात ते आले होते." त्याला इलाहीभाईंकडे बघवेना. "म्हणाले, जावयानं पैसे खाल्ले. मी... मी काही बोललो नाही."

चूक मी माफ करते. माझ्या हातून गिरणीत दोन मोठ्या झाल्यात. पण समोरचा माणूस आपल्या चुकीपायी स्वतःच्या लेकीचा संसार मोडायला निघालाय आणि आपण पेन खिशाला लावून गप्प बसायचं, याचा मला संताप येतो, आणि तो मी त्या दिवशी लपवला नाही. काय बोलले ते इथे लिहीत नाही. बंगल्याचं विचारलंही नाही. तो बायकोच्या वाटणीच्या जमिनीतून आला होता हे त्यानं आपण होऊन सांगितलं.

"मी सूर्यास्ताआधी जेवते," शेवटी मी म्हटलं. "म्हणजे साडेपाचला इथून उठणार. तोवर चेअरमनना कबुलीचं पत्र, आयकराकडे दुरुस्तीचं विवरण की हे पैसे दिले नाहीत, फक्त एका खात्यातून दुसऱ्यात हलवले, आणि सरकारी फंडाकडे त्रेसष्ट नावांची यादी. हंगाम कापू नका. पेन्शनला हंगामी माणसाचा एक हंगाम म्हणजे एक वर्ष धरतात."

त्यानं लिहायला घेतलं. अक्षर चांगलं होतं त्याचं. मधेच इलाहीभाई म्हणाले, "मल्हारचं नाव हाय का बग."

घरी शकिला वाट बघत होती. मी सगळं सांगितलं. ती नवऱ्याकडे वळली.

"नोटीस आल्यावर त्ये पोरगं इथं आलंतं. तुमी त्याला पानी बी इच्यारलं न्हाई."

इलाहीभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "खात्याचा नंबर बदलाय म्या त्येच्या हातातनं सिमकार्ड काढून घेतलं," ते म्हणाले. "गिऱ्हाइकं होती दुकानात. समद्यांच्या म्होरं."

५

सोमवारी सकाळी पोलीस ठाण्यात जायचा माणूस सांगलीच्या गाडीतून उतरला. मागे सबीना होती, तीच पिशवी खांद्याला. मी दुकानात आधीच जाऊन बसले होते.

नईम उठून उभा राहिला. खुर्ची पुसली. "बसा अब्बा."

इलाहीभाई बसले. माफी मागायची कशी हे त्यांना येत नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी फक्त रसाशी बोलून काढली होती. मी म्हटलं, नोटिशीचं उत्तर आधी देऊ, बाकीचं नंतर बघा. जयराजच्या पत्राची प्रत मी पुढे केली आणि मजकूर सांगत गेले. ही रक्कम मला मिळालेली नाही. ट्रस्ट बंद होताना ती सरकारी फंडात वर्ग झाली आहे. कळवणाऱ्यानं चूक मान्य केली असून दुरुस्ती पाठवली आहे. नईम खाली मान घालून टंकत होता.

"पैसे खात्यात दिसायला दिवाळी होईल," मी इलाहीभाईंना सांगितलं.

"हू दे. कुटं पळून जात न्हाईत आता."

उत्तर भरून झालं. नईमनं शेवटचं बटण दाबलं आणि थांबला. काही सेकंदांत इलाहीभाईंच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. ओटीपी आला होता. नंबर आता त्यांचा स्वतःचा होता.

"अब्बा, तुम्ही वाचा, मी टाकतो," नईम म्हणाला. स्क्रीनवरून त्यानं नजर उचलली नव्हती.

इलाहीभाईंनी फोन बाहेर काढला. डोळ्यांसमोर धरला नाही. चष्मा वरच्या खिशातच होता, तोही काढला नाही. फोन त्यांनी काउंटरवर नईमच्या हाताजवळ ठेवला.

"तूच बग रं काय आलंय ते. आन झालं की नंबर बी बदलून टाक. तुजा हुता त्योच घाल."

नईमनं फोन उचलला. मग त्यानं सहा आकडे टाकले. सबीनानं खांद्यावरची पिशवी काढली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.